सासऱ्यांचा घास अडकतो आणि सगळे बोट माझ्या लोणच्याकडे दाखवतात

(पत्र चांगलं चार पानी होतं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

मालवण तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. घरी कोळंबीचं लोणचं करून विकतात, आणि गेल्या दोन सीझनपासून फणसाच्या कुयरीची भाजी उकडून, काचेच्या बाटल्यांत भरून मुंबईच्या चाकरमान्यांना पाठवतात. सासरे ७२ वर्षांचे, हृदयात स्टेंट घातलेली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. सहा-सात महिने झाले त्यांचा घास खाली उतरत नाही, भाकरी अडकते तशी पेजही अडकते, कधी पाणीसुद्धा, आणि रात्री आडवं झालं की दुपारचं जेवण तसंच्या तसं तोंडात येतं, ठसका लागतो. वजन उतरलंय. गणपतीला आलेल्या दिरांनी मोबाईलवर वाचलं की बाटलीबंद खाण्यातून बॉट्युलिझम होतो, त्यात गिळता येत नाही आणि अन्ननलिकेचे स्नायू लुळे पडतात. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझ्या लोणच्यानच झाला ह्या." ताईंनी त्या दिवसापासून धंदा बंद केला. मग गोव्याला नेऊन एंडोस्कोपी झाली, बेरियम पाजून एक्सरे झाले, नाकातून नळी घालून प्रेशर मोजलं, आणि डॉक्टरांनी ॲकॅलेशिया असं नाव सांगितलं. हृदयाचं दुखणं बघता त्यांनी अन्ननलिकेच्या तळाशी बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलंय. दिरांनी तेही शोधलं, तर बोटॉक्स म्हणजे बॉट्युलिझमचंच विष निघालं. आता घरात कोणी हो म्हणायला तयार नाही. ताई विचारतात, "मीच विष घातलं का त्यांच्या पोटात? आणि आता तेच विष टोचा असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

ताई,

तुम्ही लिहिलंय की रात्र रात्र झोप लागत नाही, म्हणून पहिलं उत्तर आधी देते. सासऱ्यांना जे झालंय ते तुमच्या लोणच्यानं झालेलं नाही. समजूत काढायची म्हणून बोलत नाहीये मी, त्यांचं दुखणं ज्या पद्धतीनं आलंय ती पद्धतच बॉट्युलिझमची नाही, आणि हे तुम्हाला घरच्यांना समजावून सांगता यावं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

बॉट्युलिझम हा तासांचा आणि दिवसांचा आजार आहे. विष असलेलं काही पोटात गेलं की बहुतेक वेळा १२ ते ३६ तासांत लक्षणं सुरू होतात, कधी सहा तासांत, कधी उशीर होऊन आठ-दहा दिवसांनी. सहा महिने हळूहळू वाढत जाणारा घास म्हणजे तो नव्हे. दुसरं म्हणजे तो डोळ्यांपासून सुरू होतो. एकाच्या दोन वस्तू दिसायला लागतात, पापण्या उघडत नाहीत, दोन्ही बाजूंच्या, तोंड कोरडं ठणठणीत पडतं, बोलणं जड आणि नाकातून यायला लागतं, मग गिळता येत नाही, मान धरवत नाही, मग हात, मग पाय, आणि यातच श्वासाचे स्नायू थकतात. वरून खाली उतरत जाणारा लुळेपणा. ताप नसतो, शुद्ध पूर्ण असते, स्पर्श कळतो. तुमच्या सासऱ्यांच्या डोळ्यांना काही झालं का? आवाज बदलला का? पत्रात एक शब्द नाही त्याबद्दल, उलट ते रोज संध्याकाळी चावडीवर जाऊन गप्पा मारून येतात असं तुम्हीच लिहिलंय. आणि त्याच बाटलीतलं लोणचं घरातल्या सगळ्यांनी खाल्लंय, पोरांनीसुद्धा.

आता गिळण्याचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथेच झालाय. वाचता वाचता कंठावर बोट ठेवा आणि नुसता आवंढा गिळा. घाटी वर जाते आणि परत खाली येते, कळलं? साधारण एका सेकंदाचं काम आहे पण तेवढ्यात जीभ घास मागे ढकलते, टाळूचा मऊ भाग वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकून जिभेच्या मुळाखाली लपतं, श्वास थांबतो, आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी एरवी घट्ट मिटलेली झडप उघडते. एवढं सगळं बिनचूक झालं तर घास अन्ननलिकेत, नाहीतर श्वासनलिकेत किंवा नाकात. अन्ननलिका मोठ्या माणसात साधारण २५ सेंटीमीटर लांब, तिच्यातून घासाला खाली ढकलणारी लाट पोटापर्यंत पोचायला आठ-दहा सेकंद घेते, आणि तळाशी दुसरी झडप असते ती घास आला की सैल होते आणि गेला की परत मिटते.

या नळीचे स्नायू एका जातीचे नसतात हे फारसं कोणी सांगत नाही. वरचा साधारण एक तृतीयांश भाग दंडाच्या स्नायूसारख्या जातीचा, थेट मेंदूकडून येणाऱ्या नसांच्या हुकमावर चालणारा. खालचा भाग आतड्यासारख्या जातीचा, त्याच्या भिंतीतच नसांचं स्वतःचं जाळं असतं आणि ते जाळं ठरवतं कधी आवळायचं नि कधी सोडायचं. मधल्या पट्ट्यात दोन्ही मिसळलेले. बॉट्युलिझममध्ये सगळ्यात जास्त फटका बसतो तो जीभ, टाळू, घसा आणि अन्ननलिकेच्या वरच्या भागाला. म्हणून तिथे माणूस म्हणतो की घास तोंडातून मागेच जात नाही, पाणी नाकातून येतं, लाळ गिळता येत नाही, ठसका लागतो. खालचा भागही मंदावतो, तोंड कोरडं पडणं नि पोट साफ न होणं हेही त्याच विषामुळे, पण जीव जातो तो घशाच्या आणि श्वासाच्या दुबळेपणामुळे.

तुमचे सासरे काय करतात? घास गिळतात, गिळून होतो, आणि मग दोन-तीन क्षणांनी छातीच्या हाडावर खालच्या टोकाला हात ठेवून म्हणतात "हंय अडकता." हे तुमच्या पत्रातलं वाक्य आहे आणि माझ्यासाठी ते अख्ख्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य होतं. घशाचं काम त्यांचं व्यवस्थित चालू आहे, अडतंय ते तळाच्या झडपेशी. घन आणि पातळ दोन्ही अडकणं, न पचलेलं अन्न रात्री परत येणं, हे ॲकॅलेशियाचंच वर्णन आहे, आणि प्रेशर मोजण्याच्या टेस्टनं त्याच्यावर शिक्कामोर्तब केलंय. (याच जागी कॅन्सरची गाठ असली तरी असंच दिसू शकतं, या वयात वजन उतरत असेल तर ते आधी बघावंच लागतं, एंडोस्कोपी त्यासाठीच केली. तुकडा तपासायला घेतला होता का आणि सीटी स्कॅनची गरज आहे का हे डॉक्टरांना सरळ विचारा, विचारण्यात कमीपणा नाही.)

ॲकॅलेशिया कशामुळे होतो? त्या भिंतीतल्या जाळ्यात दोन प्रकारच्या नसा असतात, एक असिटिलकोलीन नावाचं रसायन सोडून स्नायू आवळणाऱ्या, दुसऱ्या नायट्रिक ऑक्साइड सोडून तो सैल करणाऱ्या. या आजारात सैल करणाऱ्या नसा हळूहळू मरतात. आवळणाऱ्या उरतात, त्यांना अडवणारं कोणी राहत नाही, मग झडप मिटलेलीच, आणि वरची लाटही मोडते. हे कोणाच्या स्वयंपाकानं होत नाही.

तर दिरांचं काय चुकलं? त्यांनी वाचलं ते खरं होतं. बाटलीबंद खाण्यातून बॉट्युलिझम होतो हे खरं, त्यात गिळणं जातं हेही खरं. फक्त त्यांनी एक लक्षण उचललं आणि बाकीचा आजार तिथेच सोडला. मुंबईहून वर्षातून दोनदा येणाऱ्या मुलाला बाप असा सुकलेला दिसला की कारण शोधल्याशिवाय चैन पडत नाही, आणि घरातली सून नि तिच्या बाटल्या हे समोर दिसणारं कारण होतं. त्यांच्याशी वाद घालू नका. हे पत्र वाचायला द्या, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे त्यांनाच घेऊन जा, शंका त्यांनीच विचारू देत.

आता बोटॉक्स. हो, तेच विष आहे. बोटॉक्स हे त्याच टॉक्सिनच्या ए प्रकारापासून केलेलं औषध आहे, उगाच नाही म्हणणार नाही मी. ते काम कसं करतं बघा. नसेच्या टोकाशी असिटिलकोलीननं भरलेल्या बारीक पिशव्या असतात. हुकूम आला की पिशवी टोकाच्या पडद्याला येऊन चिकटते आणि माल स्नायूवर रिकामा करते. माल भरलेली होडी धक्क्याला दोरानं बांधल्याशिवाय उतरवता येत नाही ना, तसे इथेही काही प्रोटीनचे दोर असतात, आणि हे टॉक्सिन नसेत शिरून नेमके ते दोर कापतं. माल भरलेलाच राहतो, स्नायूला निरोप मिळत नाही, तो ढिला पडतो. बॉट्युलिझममध्ये हे विष रक्तातून सगळीकडे फिरतं, डोळे, घसा, छाती, जिथे जिथे ही व्यवस्था आहे तिथे दोर कापत जातं. इंजेक्शनमध्ये एंडोस्कोपीतून बघत बघत त्या एका आवळलेल्या झडपेत चारही बाजूंनी थोडं थोडं टोचतात, एकूण साधारण १०० युनिट. माकडांवरच्या प्रयोगांवरून माणसाला जीवघेणा डोस किती असेल याचा जो अंदाज बांधलेला आहे तो याच्या पंचवीसपटीच्या वर जातो. आणि त्या झडपेत अडचण काय होती? आवळणाऱ्या नसा एकट्या उरल्या होत्या. त्यांचाच निरोप बंद केला की झडप सैल. म्हणजे बॉट्युलिझममध्ये जी क्रिया माणसाला मारते तीच क्रिया इथे बोटभर जागेत हवी आहे.

हे काल-परवाचं खूळही नाही. जर्मनीतला यूस्टिनुस केर्नर नावाचा डॉक्टर, कवीही होता तो, त्यानं १८२० च्या आसपास सॉसेज खाऊन विषबाधा झालेल्यांची बारकाईनं वर्णनं लिहिली, आणि त्याच वेळी म्हणून ठेवलं की अगदी कमी मात्रेत हे विष औषध म्हणून वापरता येईल. तिरळेपणासाठी अमेरिकेत १९८९ मध्ये याला औषध म्हणून मान्यता मिळाली. ॲकॅलेशियासाठी पंकज पसरिचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये याचे निकाल छापले, म्हणजे याला तीस वर्षं झाली.

पण विष म्हणून नाही म्हणू नका असं सांगताना, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लगेच हो म्हणा असंही मी सांगणार नाही, कारण याचे तोटे आहेत आणि ते तुम्हाला माहीत असायला हवेत. बहुतेकांना थोड्या दिवसांत बराच आराम पडतो, घास उतरायला लागतो. पण नसा नवे फाटे फोडतात, निरोप परत चालू होतो, आणि साधारण सहा महिने ते वर्षभरात परत अडकायला लागतं. मग पुन्हा इंजेक्शन. वारंवार टोचलं की त्या जागी व्रण धरतो आणि पुढे कधी ऑपरेशन करायचं ठरलं तर ते अवघड जाऊ शकतं. म्हणून धडधाकट माणसाला सहसा हे पहिलं सुचवत नाहीत. त्याच्यासाठी फुगा घालून झडप ताणतात, किंवा दुर्बिणीतून पोटावर छोटी छिद्रं करून झडपेचा स्नायू कापतात, किंवा पोएम नावाची पद्धत आहे, जपानमध्ये सुरू झालेली, त्यात तोंडातूनच एंडोस्कोप घालून आतल्या बाजूनं स्नायू कापतात. हे उपाय टिकतात जास्त. पण फुग्यानं शंभरात एखाद-दुसऱ्याची अन्ननलिका फाटते आणि मग तातडीचं ऑपरेशन लागू शकतं, पोएमला आणि ऑपरेशनला पूर्ण भूल लागते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या, स्टेंट असलेल्या ७२ वर्षांच्या माणसात हे सगळं जोखमीचं होतं. तुमच्या डॉक्टरांनी बोटॉक्स का निवडलं ते मला तरी पटतं. तरीही हृदयाचे डॉक्टर आणि हे डॉक्टर यांनी एकमेकांशी एकदा बोलावं असं सांगा, की तब्येत पोएम सोसेल का, का आत्ता बोटॉक्स देऊन वजन भरून काढायचं आणि मग सहा महिन्यांनी विचार करायचा. हाही मार्ग असतो. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही, स्टेंटवाल्याला ते महागात पडतं.

इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांच्या कानावर एवढं घाला: सगळ्या गोळ्यांची यादी, मायस्थेनियासारखा स्नायूंचा काही आजार कधी निघाला होता का, आणि जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं सध्या चालू आहेत का, कारण त्यानं बोटॉक्सचा असर वाढतो. नंतर एक-दोन दिवस छातीत थोडं दुखणं, पुढे आंबट वर येणं हे होऊ शकतं. डोळ्यांना दोन दोन दिसायला लागणं किंवा आवाज जाणं हे होता कामा नये, झालं तर लगेच फोन.

आणि एक विचारू? अख्ख्या पत्रात दीर काय म्हणाले, सासूबाई काय म्हणाल्या, नणंदेनं व्हॉट्सॲपवर काय टाकलं हे सगळं आहे. सासरे काय म्हणाले ते नाहीच. त्यांना कोणी विचारलंय का? शुद्धीत असलेला, चावडीवर बसून राजकारण बोलणारा माणूस आहे. घास कोणाचा अडकतोय? त्यांना समोर बसवून सांगा की झडप मिटलीय, सुई टोचून ती काही महिने सैल राहील, परत टोचावं लागेल, तुम्हाला काय वाटतं. तुम्ही "कुठल्या तोंडानं सांगू" म्हणता, पण हा निर्णय सांगायचा तुम्हाला नाहीये, तुमच्या नवऱ्यालाही नाही आणि दिरालाही नाही.

तोवर घरी काय कराल. जेवण ताठ बसून, आणि जेवल्यावर निदान तीन तास आडवं होऊ द्यायचं नाही, कारण ढकलणारी लाट राहिलेली नाही, घास खाली जातो तो उभ्या नळीतून वजनानं. रात्रीचं जेवण सातच्या आत उरका. पलंगाचं उशाकडचं अंग विटा लावून उचला, नुसत्या उशा वाढवून पोट दुमडतं. उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, शिजवून घोटलेली डाळ, काटे काढून कुस्करलेली मासळी, अंडं असं द्या, कोरडी भाकरी नि चिवट मांस सध्या नको. मध्ये मध्ये कोमट पाणी. दर आठवड्याला वजन करून कॅलेंडरवर लिहा. लाळसुद्धा उतरेनाशी झाली, किंवा रात्रीच्या ठसक्यानंतर ताप आणि दम लागला तर थांबू नका, अन्न फुफ्फुसात गेल्याची ती खूण असते.

इथवर तुमच्या बाजूनं बोलले. आता तुमच्या बाटल्यांचं, आणि हे कदाचित तुम्हाला लागेल.

सासऱ्यांचं दुखणं तुमच्या बाटल्यांमुळे नाही याचा अर्थ बाटल्या ठीक आहेत असा होत नाही. तुम्ही लिहिलंय, कुयरी चिरून, मीठ घालून उकडायची, गरम गरम बाटलीत भरायची, झाकण घट्ट लावून बाटल्या टोपात पाण्यात अर्धा तास उकळवायच्या, आणि फडताळात सहा महिने राहतात, "आजपर्यंत कोणाची तक्रार नाही." ताई, ही पद्धत धोक्याची आहे. कृपया थांबवा. बॉट्युलिझमचं विष करणाऱ्या जिवाणूचे बीजकण मातीत असतात, समुद्राच्या तळच्या गाळातही असतात, म्हणजे फणसावर आणि कोळंबीवर दोन्हीकडे. साध्या उकळत्या पाण्यानं ते मरत नाहीत. त्यांना मारायला १२१ अंश लागतात, आणि तेवढं तापमान फक्त प्रेशरखाली मिळतं. उकळल्यानं बाकीचे जंतू मरतात, हवा निघून जाते, झाकण बसतं, आणि नेमकी अशी जागा तयार होते जी या जिवाणूला हवी असते, हवा नाही, आंबटपणा नाही, ओल आहे, आणि घरातली ऊब. तो तिथे वाढतो आणि विष करतो. झाकण फुगेलच असं नाही, वास येईलच असं नाही. हल्ली सगळे व्हॅक्यूम पॅक व्हॅक्यूम पॅक करतात ना, ओल्या, बिनआंबट पदार्थाला फ्रीजबाहेर व्हॅक्यूम म्हणजे याच जिवाणूची सोय.

आपल्याकडे हा आजार क्वचितच नोंदला जातो. १९९६ मध्ये गुजरातमधल्या एका निवासी शाळेत मुलं आजारी पडली तेव्हा संशय शेवेवर गेला होता आणि जिवाणू याचाच भाऊबंद निघाला होता, म्हणजे आपल्या खाण्यात हे होतच नाही असं नाही.

आपल्या आज्यांनी जे टिकवलं ते का टिकलं हे बघितलं तर वाट सापडते. कैरीचं लोणचं, आगळ, आमसुलं आंबट असतात, आंबटपणाचा आकडा म्हणजे पीएच ४.६ च्या खाली असला की हे बीजकण उगवतच नाहीत. खारा बांगडा, सुकट, सोडे यांत मीठ भरपूर आणि ओल नाही. फणसपोळी, आंबापोळी वाळवलेली. बाटलीतली कुयरी यातलं काहीच नाही. ती डीप फ्रीजमध्ये ठेवून, गोठलेलीच विका, किंवा वाळवा. बाहेर टिकणारी बाटलीच हवी असेल तर ते प्रेशरचं मशीन आणि तपासलेली प्रोसेस असलेल्या युनिटचं काम आहे, टोपाचं नाही.

कोळंबीच्या लोणच्याला वाट आहे. तेल वर तरंगतंय म्हणजे सुरक्षित असं आपल्याला वाटतं, पण तेल फक्त हवा तोडतं. तेलातला लसूण आणि कोळंबी, दोन्ही बिनआंबट. वाचवतं ते व्हिनेगर, आणि ते "चवीपुरतं" घालून चालत नाही. पीएच मीटर घ्या, लोणचं मुरल्यावर एक-दोन दिवसांनी कोळंबी नि मसाला एकत्र वाटून मोजा, नुसता वरचा रस मोजू नका कारण कोळंबीच्या पोटात आंबटपणा उशिरा शिरतो. दर घाण्याला मोजा, ४.६ ही कड आहे, तुम्ही ४.२ च्या खाली राहा, आकडा वहीत लिहा. तरीही फ्रीजमध्येच ठेवा आणि लेबलवर तसं लिहा. रत्नागिरीला शिरगावात कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, कोचीला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था आहे, मासळीच्या लोणच्यावर यांचं काम आहे, तिकडे विचारा, आणि एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी नसेल तर करून घ्या. धंदा कायमचा बंद ठेवू नका. हात तुमचा चांगला आहे असं दिरांनीसुद्धा मान्य केलंय की.

इतर वाचणाऱ्यांसाठी मध्येच दोन गोष्टी. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, बारशाला नाही, खोकल्याला नाही, कशालाच नाही. मधात हे बीजकण असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात ते निमूट जातात, बाळाच्या आतड्यात उगवतात. बाळाला शी होत नाही, दूध ओढायला जोर नाही, रडणं बारीक झालंय, मान टाकतंय, तर डॉक्टरकडे पळा.

आणि मोठं माणूस अचानक, काही तासांत, पापण्या पडल्या, दोन दोन दिसतंय, गिळता येत नाही असं झालं तर कोकणात आधी आठवायची ती मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही, आणि पहाटे पोटात दुखून डोळे मिटायला लागतात, चित्र अगदी बॉट्युलिझमसारखं. केंड मासा खाल्ला असेल तरी लुळेपणा येतो पण तो लवकर, आणि आधी ओठ-जीभ बधिर होतात. तुम्ही निदान करत बसू नका. अशा माणसाला पाणी, दूध, औषध काहीही तोंडानं देऊ नका, ते फुफ्फुसात जाईल. कुशीवर झोपवा आणि जिथे व्हेंटिलेटर आहे तिथे घेऊन जा, ओरोसचं जिल्हा रुग्णालय असो की गोव्यातलं बांबोळीचं मोठं सरकारी हॉस्पिटल. रात्री कुठे झोपला होता, दोन-तीन दिवसांत बाटलीतलं, डब्यातलं काय खाल्लं ते सांगा, उरलेलं खाणं पिशवीत बांधून सोबत न्या. बॉट्युलिझमचं अँटीटॉक्सिन सगळीकडे ठेवलेलं नसतं, मागवावं लागतं, आणि ते रक्तात फिरणारं विष अडवतं पण नसेत शिरलेलं काढू शकत नाही, म्हणून तासांना किंमत आहे. तोवर श्वास मशीननं चालू ठेवला तर माणूस वाचतो, नसांना नवे फाटे फुटायला आठवडे-महिने जातात पण गिळणं परत येतं.

ताई, आता आजचं काम. फडताळात उरलेल्या कुयरीच्या बाटल्या उघडू नका, चव बघू नका, आणि खताच्या खड्ड्यात ओतू नका, कोंबड्यांनाही हे विष लागतं. झाकण न काढता दोन पिशव्यांत बांधून ठेवा आणि ग्रामपंचायतीच्या कचऱ्यात सांगून द्या. एखादी फुटलेली, झिरपलेली असेल तर हातमोजे घालून ब्लीचिंगच्या पाण्यानं जागा पुसा.

आणि ज्यांना बाटल्या पाठवल्या त्यांना फोन करा. मेसेज नको, फोन. "कुयरीची बाटली उघडू नका, खाऊ नका, भरायची पद्धत सुरक्षित नव्हती असं मला कळलंय, पैसे परत करते." एवढंच बोला. काहीजण म्हणतील आम्ही खाल्ली की, काही झालं नाही. दहा दिवस उलटले असतील तर त्यांना सांगा काळजी नको. त्याच्या आत खाल्ली असेल तर पापण्या जड होणं, दोन दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं यातलं काही झालं तर लगेच हॉस्पिटल, आणि बाटली सोबत. लोणचं ज्यांच्याकडे आहे त्यांना फ्रीजमध्ये ठेवून वाट बघायला सांगा, तुमच्याकडच्या त्याच घाण्यातली एक बाटली मोजून बघा, आकडा ४.२ च्या वर आला तर तीही परत मागवा.